थांबायचं असेल तर तारीख लावून थांबा



आमच्या हॉलच्या कोपऱ्यात क्रोशाच्या कव्हराखाली एक कॉम्प्युटर आहे. २०१६ साली मुलगा इंजिनिअरिंगला गेला तेव्हा ३८ हजारांना घेतलेला. तो शिकून पुण्याला नोकरीला लागला, त्याने स्वतःचा लॅपटॉप घेतला आणि हा कॉम्प्युटर माझ्या वाट्याला आला. आपल्या घरांत बायकांच्या वाट्याला अशा वस्तू याच वाटेने येतात. जुना मोबाइल आईला, जुना टीव्ही आतल्या खोलीत. माझी तक्रार नव्हती. या कॉम्प्युटरवर मी माझं बरंच काही उभं केलं.

गेल्या वर्षभरात मात्र त्याची गाडी फारच मंदावली. सकाळी बटण दाबायचं, अभिषेकाला जाणाऱ्यांना डबा भरून द्यायचा, कणीक मळून ठेवायची, तेव्हा कुठे पडद्यावर चित्र यायचं. त्यातच विंडोज १० चा आधार संपत असल्याची सूचना पडदाभर झळकायला लागली. घरात चर्चा सुरू झाली, आणि घरातली चर्चा म्हणजे सगळ्यांची मतं.

आमचे हे म्हणाले, "चालतोय ना? मग राहू दे." मुलगा फोनवर म्हणाला, "आई, सरळ नवीन घे, मी पैसे पाठवतो." जाऊबाई म्हणाल्या, "या वयात कशाला हवाय कॉम्प्युटर? सगळं मोबाइलवर होतं की!" आणि मी म्हणाले, "बघू दिवाळीनंतर."

आज लिहायचं आहे ते या "बघू" शब्दाबद्दल.

आधी सांगते की त्या कॉम्प्युटरवर आहे काय. आमच्या महिला मंडळाचा एक छोटा शिक्षण निधी आहे. समाजातल्या मुलींना कॉलेजच्या फीसाठी बिनव्याजी रक्कम द्यायची आणि नोकरी लागल्यावर त्यांनी ती हप्त्याने परत करायची. अकरा वर्षं त्याचे हिशेब मी बघते. सध्या एकोणीस मुलींची खाती आहेत. कोणी किती नेले, कोणाचा हप्ता आला, कोणाच्या वडिलांनी मुदत मागितली, हे सगळं एक्सेलच्या तक्त्यांत आहे, आणि निधीच्या बँक खात्याचे व्यवहारही मी याच कॉम्प्युटरवरून करते. जाऊबाईंचं मोबाइलचं म्हणणं ऐकून मी एकदा तक्ता मोबाइलवर उघडला होता. एकोणीस ओळी आणि चौदा रकाने त्या चार बोटांच्या पडद्यावर बघताना चुकीच्या ओळीत हप्ता टाकून बसले. ऑडिटच्या आधी सापडलं म्हणून निभावलं.

मी १९८३ ची बी.कॉम. लग्नानंतर नोकरी केली नाही, पण जमाखर्चाची सवय जात नाही. इन्कम टॅक्समध्ये कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा धरतात. त्या दराने घटवत नेलं तर दहा वर्षांनी माझ्या ३८ हजारांच्या यंत्राची पुस्तकी किंमत उरते साधारण २३० रुपये. म्हणजे कागदावर तो केव्हाच संपलेला आहे. पण आमच्या आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, पितळी डबाही कागदावर कधीच संपलाय. पुस्तकी किमतीवरून वस्तू टाकायची की ठेवायची हे ठरत नाही. ती आज कोणतं काम अडवते, त्यावरून ठरतं.

तसं बघायला बसले तेव्हा लक्षात आलं की आम्ही सगळे दोन वेगळे प्रश्न एकाच पातेल्यात शिजवत होतो. कॉम्प्युटर मंद झालाय, हा एक प्रश्न. कॉम्प्युटर असुरक्षित होणार आहे, हा दुसरा.

मंदपणाचं कारण शोधणं सोपं निघालं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात डिस्कच्या रकान्यात सतत शंभर टक्के दिसत होतं. दुकानातल्या मुलाने समजावलं, "काकू, आत जुनी हार्ड डिस्क आहे. ग्रामोफोनसारखी तबकडी फिरते, म्हणून वेळ लागतो. एसएसडी टाका, त्यात फिरणारं काहीच नाही." ऑक्टोबरात एसएसडी बसवली. ३२०० रुपये तिचे आणि ५०० मजुरीचे. त्याआधी सगळे तक्ते दोन पेन ड्राइव्हवर उतरवून एक कपाटात आणि एक सूनबाईच्या पर्समध्ये ठेवला. आता कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात सुरू होतो. ज्याला आम्ही म्हातारपण समजत होतो, तो एका भागाचा आजार होता. तेव्हा तुमचा कॉम्प्युटर निव्वळ मंद असेल, तर नवीन घेण्याआधी आतली डिस्क कोणती आहे ते विचारा.

त्याच दिवशी तो मुलगा म्हणाला होता, "काकू, रॅमही चारची आठ करून घ्या, अडीच हजारांच्या आत होईल." मी म्हणाले, "बघू, संक्रांतीनंतर." सगळा खर्च एकदम नको, एवढंच कारण. संक्रांत झाल्यावर गेले, तर तीच रॅम पाच हजारांच्या वर! मला वाटलं दुकानदार फसवतोय, म्हणून आणखी दोन दुकानांत विचारलं. सगळीकडे तेच. मग मुलाने सांगितलं की जगात मेमरी चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजून तीन, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयसाठी जी मोठमोठी डेटा सेंटर उभी राहताहेत, तिकडे त्यांचा माल वळला, आणि घरगुती कॉम्प्युटरसाठी तुटवडा होऊन भाव चढले. मायक्रॉनने तर ग्राहकांना रॅम विकण्याचा आपला क्रुशियल हा व्यवसायच बंद करत असल्याचं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. कांद्याचा भाव रोज बघणाऱ्या मला या बाजाराचा पत्ताच नव्हता. "कॉम्प्युटर काय, थांबलं की स्वस्तच होतात," हे वीस वर्षं ऐकलेलं वाक्य मी डोळे मिटून खरं धरलं होतं.

पण चूक भावाची नव्हती. भाव कोणाला कळतो? माझी चूक ही की मी कारणाशिवाय थांबले. संक्रांतीचा आणि रॅमचा काय संबंध होता?

आता दुसरा प्रश्न, सुरक्षिततेचा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण नवीन भोकं सापडली तर ती बुजवायला कंपनी येत नाही. विंडोज ११ घालावं, तर आमच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीतला आणि विंडोज ११ ला लागतो आठव्या पिढीपासून पुढचा. टीपीएम २.० नावाची सोयही लागते. एसएसडी टाकून किंवा रॅम वाढवून ही अडचण सुटत नाही. दारं-खिडक्या बदलता येतात, पाया बदलता येत नाही.

माझे स्वतःचे भिशीचे पैसे असते तर कदाचित मी म्हणाले असते, "होईल ते होईल." पण एकोणीस मुलींचे पैसे माझ्या हातात आहेत. स्वतःच्या मालाची जोखीम घेणं हा आपला स्वभाव झाला, दुसऱ्याच्या ठेवीची जोखीम घेण्याचा आपल्याला अधिकार नाही. ही गोष्ट मनात स्पष्ट झाल्यावर "नवीन घ्यावा का?" हा प्रश्न माझ्यापुरता सुटला. घ्यायचा. उरला "केव्हा?"

इथे मला आपल्या स्वाध्यायातली एक गोष्ट आठवली. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात त्यागाचे यम आणि नियम असे दोन प्रकार सांगितलेत. यम जन्मभराचा, नियम ठरावीक मुदतीचा. आपण चातुर्मासात एखादी वस्तू सोडतो तेव्हा किती दिवसांसाठी ते आधी बोलतो, मगच नियम घेतो. "बघू, जमेल तोवर नाही खाणार" याला कोणी नियम म्हणत नाही. मग घरातल्या निर्णयांत आपण बिनमुदतीचं थांबणं एवढं का खपवून घेतो?

थोडं कडू बोलते. आपण बायका स्वतःच्या कामाच्या वस्तूसाठी थांबतो आणि त्याला अपरिग्रह म्हणतो. मिक्सर जळाला तर दुसऱ्या दिवशी नवीन येतो, कारण चटणी सगळ्यांना लागते. आपल्या वाचनाचा चष्मा, आपली शिलाई मशीन, आपला कॉम्प्युटर मात्र वर्षानुवर्षं "चालतंय ना?" मध्ये अडकतो. अपरिग्रहाचं मर्म आसक्ती सोडण्यात आहे. गरज नसताना दुसरा टीव्ही घेणं ही आसक्ती, हे आपल्याला पटतं. पण ३८ हजारांची वस्तू टाकवत नाही म्हणून दुसऱ्याच्या पैशाला धोका पत्करणं, हीसुद्धा आसक्तीच. मी त्याच दुसऱ्या आसक्तीत होते, आणि वर साधेपणाचं समाधानही मिळवत होते.

तर माझा निर्णय असा. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी वर्षभराची सवलत ठेवली आहे. नाव नोंदवलं की १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळत राहतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर त्याला पैसेही पडत नाहीत. ती नोंदणी मी केली. ३१ मार्चला निधीचे हिशेब बंद होतील. ऐन वर्षअखेरीला यंत्र बदलू नये, हे कोणताही मुनीम सांगेल. जूनपासून फीसाठी मुलींची रीघ लागते, तेव्हाही नको. म्हणून मधल्या काळात, अक्षय तृतीयेला, नवीन लॅपटॉप घ्यायचा. तोवर भाव आणखी चढला तर चढला. दोन महिने थांबण्याची मला कारणं आहेत, आणि तारीखही आहे. पैसे माझ्या एफडीतून देणार. मुलाला सांगितलं, "तू पाठवू नकोस, हे माझ्या कामाचं हत्यार आहे."

रॅम सोळाची घेणार. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती आत कायमची जोडलेली असते, "नंतर वाढवू" ची सोयच नसते. दुकानात हे आधी विचारून घ्या. जुन्या कॉम्प्युटरचं इंटरनेट काढून त्यावर मंदिराच्या ग्रंथालयाची यादी करणार आहे. तो खरंच थकला की डिस्क पूर्ण पुसून नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात देणार. भंगारवाल्याकडे गेला तर तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, आणि तो धूर कोणाच्या तरी छातीत जातो.

तुमचा कॉम्प्युटर चांगला चालत असेल, अपडेट मिळत असतील, तर खुशाल थांबा. कोणी हसलं तरी बदलू नका. फक्त "बघू" म्हणण्याआधी कॅलेंडरकडे जा, कशासाठी थांबतोय ते मनाशी बोला आणि एका तारखेवर पेनाने गोल करा. आमच्या कालनिर्णयवर अक्षय तृतीयेभोवती निळा गोल आहे. काल ह्यांनी तो बघितला आणि विचारलं, "सोनं घ्यायचंय का?"

मी म्हटलं, "त्याहून उपयोगाचं."