‘नुसती सर्दी’ विम्यात बसत नाही!

कामथडीत बचत गटाची बैठक होती. पुणे-सातारा महामार्गाच्या कडेचं हे भोर तालुक्यातलं गाव. विषय होता आरोग्य विमा. विमा कंपनीचे एक साहेब पत्रकं घेऊन आले होते. पाऊण तास ते पाच लाख, कॅशलेस, हप्ता यावर बोलले आणि शेवटी म्हणाले, “काही शंका?” मागे बसलेल्या एका वहिनींनी पदरानं नाक पुसत विचारलं, “साहेब, माझं नाक बारा महिने गळतंय. सकाळी उठलं की पंधरा-वीस शिंका, कपाळ ठणकतं, वास तर येतच न्हाई. त्याचं औषध यात बसंल का?”

साहेब हसले. “अहो वहिनी, ती नुसती सर्दी. विमा मोठ्या आजारांसाठी असतो.”

बायका हसल्या, वहिनीही हसल्या. मला हसू आलं नाही, कारण गटाची कर्जवही माझ्या मांडीवर होती. दोन वर्षांत या वहिनींनी तीन वेळा कर्ज उचललं होतं आणि तिन्ही वेळा कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, ‘दवाखाना’. एकूण साडेअकरा हजार रुपये, सगळे त्या नाकापायी. गावातला डॉक्टर, मग हायवेवरचा, मग पुण्यातला. दर वेळी सुई, अँटिबायोटिक, आठवडाभर बरं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्यात बुडालेल्या मजुरीचा हिशेब वहीत नाही.

ही सर्दी ‘नुसती’ कशी होते ते बघू. वहिनी पहाटे साडेचारला उठतात. घरात गॅस आहे, तो चहाला आणि पाहुण्यांना. आंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवरच, कारण सिलिंडर भरायचे पैसे दर महिन्याला जमत नाहीत. उन्हाळ्यात शेतात राब भाजायचा, त्याचा धूर. पावसाळ्यात बांधावरचं गाजरगवत नुसत्या हातानं उपटायचं. हे तण देशात पहिल्यांदा नजरेस आलं ते १९५०च्या दशकात, आपल्या पुण्यातच. त्यानं अंगाला खाज येते आणि नाकडोळ्यांतून पाणी वाहतं, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. दिवाळीच्या सुमाराला भाताची झोडणी. झोडायला गडी असतो, पण वाऱ्यावर उफणायला आणि कोंडा पाखडायला बाई. उरलेले महिने हायवेलगतच्या गोदामात माल निवडायचा, पुठ्ठ्याच्या धुळीत आठ तास. वर्षातला एक महिना दाखवा, जेव्हा या बाईच्या नाकात धूर, तूस किंवा धूळ जात नाही!

चुलीच्या धुराबद्दल आज कोणी अडाणीपणाचं सोंग घेऊ शकत नाही. किर्क स्मिथ या शास्त्रज्ञानं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो हे मोजून दाखवलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या अशा धुरानं २०२० साली जगात ३२ लाख माणसं मेली. धुरानं आणि अ‍ॅलर्जीनं सुजलेलं नाक वर्षानुवर्षं तसंच राहिलं, तर सायनस भरतात, नाकात मांसाचे कोंब वाढू शकतात, दमाही मागे लागू शकतो. म्हणजे आजची ‘नुसती सर्दी’ हीच उद्याचा ‘मोठा आजार’. विमा मात्र उद्याचीच वाट बघत बसतो.

आता सरकारी योजनेकडे येऊ. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२च्या जुलैत आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३च्या नोव्हेंबरात राज्यभर पोचली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, ते २०२४च्या जुलैपासून पाच लाख झालं आणि कोणत्याही रंगाचं रेशनकार्ड चालू लागलं. सुरुवातीला ९७०च्या आसपास उपचार होते, यादी पुढे वाढत गेली. कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियाही तिच्यात आहेत. हे सगळं चांगलंच आहे. हृदयाच्या, कर्करोगाच्या रुग्णांना या योजनेनं जमीन विकण्यापासून वाचवलं आहे, हे मी स्वतः पाहिलं आहे.

पण या योजनेचं दार उघडतं ते खाटेवर पडल्यावर. तपासून औषध घेऊन घरी जाणाऱ्या बाईला तिथे जागा नाही. वहिनींच्या नाकावर ऑपरेशन करायचं म्हटलं तर हजारो रुपये निघू शकतील. ऑपरेशनची पाळी येऊ नये म्हणून रोज मारायचा नाकातला फवारा मात्र त्यांनी पदरच्या पैशानं घ्यायचा. ऑपरेशन झालं, तरी पॅकेजमधलं औषध घरी गेल्यावर दहा दिवसांचं. अकराव्या दिवशी वहिनी पुन्हा चुलीपुढे!

जिथे पैसा फक्त कापण्याचा मिळतो, तिथे कापणं वाढतं. आपल्या चळवळीला हे नवीन नाही. २०१२ साली छत्तीसगढ आणि बिहारमध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या कार्डावर बायकांची गर्भाशयं गरज नसताना काढल्याचं उघडकीस आलं. अंगावरून पांढरं जाणाऱ्या बाईला तपासणी, औषध, सल्ला हवा होता. कार्ड त्याचे पैसे देत नव्हतं, गर्भाशय काढायचे देत होतं. नाकाचं आणि गर्भाशयाचं दुखणं वेगळं असेल, हिशेब एकच आहे.

खाजगी विम्याची तऱ्हा आणखी न्यारी. सर्व कंपन्यांनी विकायची म्हणून २०२० साली आलेली ‘आरोग्य संजीवनी’ ही प्रमाणित पॉलिसी घ्या. तिच्यात सायनसच्या विकारांसाठी २४ महिने थांबा. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेसाठीही २४ महिने थांबा. बाहेरच्या बाह्यरुग्ण तपासणीचे पैसे तर नाहीतच. हप्ता मात्र पहिल्या दिवसापासून!

एक विमा मात्र असा आहे, ज्यात साध्या तपासणीपासून गोळ्यांपर्यंत सगळं बसतं: १९४८च्या कायद्यानं आलेला कामगारांचा ई.एस.आय. तो कायदा नोव्हेंबर २०२५मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण तत्त्व तेच राहिलं. २०१९पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के असा त्याचा हिशेब आहे. बारा हजारांवर बाईचे नव्वद रुपये. एवढ्यात नाकाचं औषधही मिळतं आणि आजारपणाच्या रजेचे पैसेही. वहिनी ज्या गोदामात जातात तिथे पंचवीस-तीस बायका आहेत. तिथल्या ठेकेदाराला मी विचारलं, तर म्हणाला, “ताई, या काय पर्मनंट हायत व्हय? हंगामी बाया.” हंगामी म्हणत म्हणत वहिनींची तिथे सहा वर्षं झाली! त्यांच्याकडे ना हजेरीचा कागद, ना पगाराची चिठ्ठी. नाक त्या गोदामात बिघडलं, हे सिद्ध कशानं करणार?

यावर दोन गोष्टी हमखास ऐकवल्या जातात. पहिली, ‘बायका उदासीन असतात, योजनांचा लाभच घेत नाहीत.’ कामथडीहून कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडे जायचं म्हणजे पुणं गाठायचं, दिवस मोडायचा, मजुरी बुडवायची, सोबत कोणी येणार का ते विचारायचं, सासूकडून ‘सर्दीसाठी पुणं?’ हे ऐकायचं. एवढं करून तिथे कळतं की हे कार्डात बसत नाही. अशी बाई दुसऱ्यांदा गेली नाही, तर उदासीन कोण? दुखणं अंगावर काढायची हौस कोणा बाईला नसते.

दुसरी गोष्ट जरा शहाणपणाची वाटते. ‘विमा हा मोठ्या, अचानक येणाऱ्या खर्चासाठीच असतो, रोजच्या खर्चाचा विमा कसा काढणार?’ ठीक आहे. मग रोजच्या खर्चासाठी सरकारी दवाखाना धडधाकट ठेवा! १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले, केसपेपरसुद्धा. पण मोफत तपासणीनंतर औषधाची चिठ्ठी बाहेरच्या दुकानाची मिळाली, तर त्या मोफतचं काय लोणचं घालायचं? नाकात मारायचा बुडेसोनाइडचा फवारा ही काही चैन नाही, अत्यावश्यक औषधांच्या २०२२च्या राष्ट्रीय यादीत तो आहे. वहिनींना कोणी तो कधी लिहून दिला नाही, रोज महिनोन्‌महिने मारायचा असतो हेही सांगितलं नाही. त्यांना मिळाल्या त्या सुया. देशात २०२१-२२ साली आरोग्यावरच्या एकूण खर्चातले ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून भरले, असं सरकारचेच आकडे सांगतात. त्या खिशात आमच्या गटांची कर्जंही आहेत.

आणि मैत्रिणींनो, थोडं आपल्याकडेही बघू. कार्ड काढायची शिबिरं आपणही घेतली. किती कार्डं निघाली याचे आकडे अहवालात घातले, मीही घातले. त्या कार्डावर कोणती बाई, कोणत्या दुखण्यासाठी, कुठे जाऊन आली आणि रिकाम्या हातानं परतली का, हे आपण विचारलं नाही. बाळंतपण आणि गर्भाशय सोडून बाईला शरीर आहे, नाक आहे, छाती आहे, हे कधी कधी आपणही विसरतो.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असू द्या. सरकारी विम्यात बाह्यरुग्ण तपासणी आणि दीर्घकाळ लागणारी औषधं घ्या. अत्यावश्यक यादीतली नाकाची, दम्याची औषधं प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा महिने ठेवा आणि कान-नाक-घशाचा तज्ज्ञ महिन्यातून एकदा तरी तालुक्याला आणा. ठेकेदाराकडच्या प्रत्येक बाईच्या हातात हजेरीचा कागद आणि ई.एस.आय.चा नंबर द्या. सिलिंडरची किंमत बाईच्या मजुरीला परवडेल अशी करा, नाहीतर गॅसची शेगडी ही नुसती शोभेची वस्तू आहे.

पुढच्या बैठकीपासून आम्ही गटाच्या कर्जवहीत ‘दवाखाना’ एवढंच लिहिणं बंद करतो आहोत. दुखणं कोणतं, औषध कोणतं, बुडालेली मजुरी किती, आणि कार्ड चाललं की नाही, असे चार रकाने पाडले आहेत. तुम्हीही आपापल्या गटात पाडा. सहा महिन्यांनी त्या वह्या घेऊन आपण तहसीलच्या पायरीवर बसू. तेव्हा ‘नुसती सर्दी’ म्हणून हसणाऱ्यांना बेरीज वाचून दाखवायला वहिनीच उभ्या राहणार आहेत. तसं त्यांनी मला सांगितलं आहे, शिंकत शिंकतच.