सुलतानाची विधवा व तिची कन्या

तुर्कस्तानचा सुलतान दुसरा अब्दुल हमीद १९०९ सालीं पदच्युत होऊन सॅलोनिकास कैदेंत गेला, तेव्हां त्याची पत्नी मुश्फिका त्याच्यासवें गेली. १९१८ सालीं तो वारला तोंपर्यंत तिनें त्याची साथ सोडली नाहीं. पुढें ३ मार्च १९२४ रोजीं अंकारा येथील राष्ट्रसभेनें खिलाफत मोडून उस्मानी राजकुळास हद्दपार केलें. मुश्फिका त्या कुळांत जन्मलेली नव्हती, म्हणून ती इस्तंबूलला राहिली. तिची कन्या आयेशा जन्मली होती, म्हणून तिला देश सोडावा लागला.

गेलेली गादी पुन्हां उभी राहील ही नव्या प्रजासत्ताकाची धास्ती अगदींच खोटी होती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु उस्मानी गादी पुरुषांकडेच जात असे. मग मुलींपासून भय तें कसलें? ज्या राज्यानें १९३४ सालीं स्त्रियांस राष्ट्रसभेसाठीं मताचा अधिकार दिला, त्यानेंच या स्त्रियांस बापाच्या नांवावरून शिक्षा भोगावयास लाविलें. १९५२ सालीं त्यांस परतण्याची मोकळीक मिळाली. पुरुषांस ती १९७४ सालीं मिळाली. म्हणजे हा भेद सरकारलाही अखेर पटला, पण २८ वर्षांनीं! आयेशा १९६० सालीं वारली, आई १९६१ सालीं. न्यायास झालेला उशीर आईच्या वयांतून वजा होतो, हें कायदा करणारांनीं विसरूं नये.