सही करण्याआधी सातबारा वाचा!

शहराच्या कडेच्या गावात रिंगरोडची किंवा विमानतळाची नुसती चर्चा सुरू झाली, की दलालाची गाडी सर्वांत आधी बौद्धवाड्यात येऊन उभी राहते. वतनाची जमीन कोणत्या गटात आहे, सातबाऱ्यावर किती वारसांची नावे चढली आहेत, त्यातले किती मुंबई-पुण्याला गेले आणि कोणाच्या घरात लग्न निघाले आहे, याची यादी त्याच्या खिशात असते. आपल्या माणसाला मात्र आजोबांची हाडकी-हाडोळ्याची काहीतरी जमीन गावी आहे, एवढेच माहीत असते. दोघे समोरासमोर बसले की सौदा कसा होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

वकिली करताना आणि विहारात बसल्यावर जमिनीच्या खरेदी-विक्रीबद्दल जे प्रश्न येतात, त्यातला सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न प्रश्न म्हणून येतच नाही. "साहेब, जमीन विकली नाही हो, नुसती पॉवर दिलीय!" असे समाधानाने सांगितले जाते. आपल्या समाजाच्या हजारो एकर जमिनीचे भवितव्य या एका वाक्यात अडकले आहे, म्हणून त्याचाच विचार आधी करू.

ही जमीन कोणी खैरात म्हणून दिलेली नव्हती. रात्री-अपरात्री गावकामगारांच्या हुकमावर धावणाऱ्या, मेलेली ढोरे ओढणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या पिढ्यान्पिढ्यांच्या राबणुकीचा तो तुटपुंजा मोबदला होता. ही गुलामी मोडावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. प्रत्यक्षात कनिष्ठ गाव वतने नष्ट करणारा कायदा झाला १९५८ साली आणि तो लागू झाला १ ऑगस्ट १९५९ पासून. वतन गेले, जमीन सरकारजमा झाली आणि आकाराच्या तिप्पट रक्कम भरणाऱ्या वतनदाराला ती पुन्हा देण्यात आली, पण नवीन शर्तीने. म्हणून सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ लिहिलेले असते आणि इतर हक्काच्या रकान्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतरास बंदी, असा शेरा असतो. ज्यांना ती रक्कम भरता आली नाही, त्यांच्या जमिनीवर सरकारचे नाव राहिले. दोन्ही प्रकारच्या जमिनींवर आज दलालांचा डोळा आहे.

आता 'नुसत्या पॉवर'कडे वळू. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५४ सांगते की शंभर रुपये किंवा अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. साठेखत म्हणजे विक्रीचा करार, विक्री नव्हे. कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प निकालात स्वच्छ सांगितले आहे. मग आपला माणूस बरोबर बोलतो असे वाटेल. पण त्या कागदात विक्री करण्याचा, खरेदीखतावर सही करण्याचा, मोबदला स्वीकारण्याचा अधिकार दलालाला दिलेला असतो. उद्या तो तुमच्याच नावाने, तुमच्याच वतीने, त्याला हव्या त्या माणसाला खरेदीखत करून देतो आणि ते खरेदीखत तुम्ही केले असेच धरले जाते. त्या कागदात लिहिलेली रक्कम तुम्ही कधी पाहिलेलीही नसते.

पॉवर एकटी कधी येत नाही, हेही लक्षात घ्या. तिच्यासोबत विसार पावती असते, ताबा दिल्याचा कागद असतो आणि शिक्का मारलेले दोन-चार कोरे कागद असतात. ताबा मिळाला की कुंपण पडते. मग परवानगीचा अर्ज तुमच्या नावाने जातो, नजराणा तो भरतो, आणि जमिनीची खरी किंमत ज्या दिवशी उघडी होते त्या दिवशी ती त्याच्या हातात असते. तुमच्याकडे राहते मुलीच्या लग्नात संपलेल्या दोन लाखांची आठवण. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे चाळीस एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार गाजला. तीनशे कोटींच्या त्या खरेदीखतावर विक्रेत्यांच्या बाजूने सही होती कुलमुखत्यारधारकाची, आणि जमीन होती सरकारच्या नावावर! मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांनी मुद्रांक शुल्क किती बुडाले याचा हिशोब पानेच्या पाने मांडला. मूळ वतनदारांच्या घरात किती रुपये पोहोचले, हा प्रश्न किती जणांनी विचारला?

पॉवरवर 'अपरिवर्तनीय' हा शब्द छापला की ती कायमची होते, हीही एक दलाली थाप. घेणाऱ्याचा त्या मिळकतीत खरोखरच हितसंबंध निर्माण झाला नसेल तर नुसत्या शब्दाने काही होत नाही. ती रद्द करता येते आणि देणारा वारला की संपते.

"भावाने सही केली, आता आमचे काय?" असे विचारणाऱ्या बहुतेक भगिनी असतात. पुनर्प्रदान एका भावाच्या किंवा कर्त्याच्या नावाने झाले म्हणून जमीन त्याची एकट्याची होत नाही. पुन्हा मिळालेली वतन जमीन कुटुंबाचीच राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली देसाई वतनाच्या खटल्यात सांगितले. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलगी मुलाच्या बरोबरीची झाली. भाऊ त्याच्या हिश्शापुरते बोलू शकतो, तुमच्या नाही. म्हणूनच बहिणीला साडीचोळी करून हक्कसोड पत्रावर सही घेतली जाते. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बापाची आपण लेकरे म्हणवतो आणि बहिणीला तालुक्याला नेताना कुठल्या कागदासाठी चाललोय हे सांगत नाही, याची लाज आपल्यालाच वाटली पाहिजे.

"रजिस्टर झाले म्हणजे पक्के ना?" नाही. दुय्यम निबंधक सही कोणाची आणि मुद्रांक किती, हे पाहतो. विकणारा मालक आहे की नाही याचा निवाडा करणे त्याचे काम नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली तामिळनाडूच्या एका प्रकरणात पुन्हा सांगितले. फेरफाराचेही तसेच. ती महसुलाची नोंद आहे, मालकीचा दाखला नव्हे. नोकरदार बांधवांनी शहरात गुंठा-दोन गुंठे घेताना एवढे तरी पाळावे: तीस वर्षांचा शोध, जुने फेरफार, सूची क्रमांक दोन आणि बिगरशेतीचा आदेश पाहिल्याशिवाय शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून आयुष्याची पुंजी देऊ नये.

आपल्याच चळवळीत एक मागणी अधूनमधून होते की वतनाच्या जमिनी सरसकट वर्ग १ करा, परवानगीची अट काढा. बिगरशेतीसाठी बाजारभावाच्या निम्म्यापर्यंत जाणारा नजराणा वतनदाराच्या वारसाकडून मागणे हा अन्याय आहे, यात दुमत नाही. ज्याची किंमत आमच्या पूर्वजांनी घामाने चुकवली त्याची पुन्हा किंमत कसली? पण परवानगीची अट गेली तर ती जमीन वर्षभरात कोणाकडे जाईल, याचा विचार ही मागणी करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. कर्नाटकात १९७८ पासून अनुसूचित जाती-जमातींना मिळालेल्या जमिनींच्या हस्तांतरास बंदी घालणारा कायदा आहे. त्यात बेकायदा विक्री रद्द होऊन जमीन मूळ कुटुंबाला परत मिळते आणि २०२३ च्या दुरुस्तीने अर्जाला मुदतीचे बंधनही उरलेले नाही. कुटुंब स्वतः जमीन वापरणार असेल तर नजराणा माफ आणि बाहेरच्याला विक्री झाली असेल तर कर्नाटकासारखी परतफेड, अशी मागणी आपल्या नेत्यांनी विधिमंडळात का करू नये? निवडणुकीपुरते वतनाचे नाव घेणाऱ्यांना हे विचारले पाहिजे.

सही आधीच झाली असेल तर हातपाय गाळून बसू नका. पॉवर रद्द केल्याचा दस्त नोंदवा, घेणाऱ्याला वकिलामार्फत नोटीस द्या, वर्तमानपत्रात जाहीर करा. फेरफाराची नोटीस आली तर पंधरा दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. फसवणुकीचा दस्त रद्द करण्याचा दावा फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो. धाक दाखवून किंवा खोटी कागदपत्रे करून जमीन बळकावली असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ खाली तो गुन्हाही आहे. वकिलाच्या फीसाठी अडू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. जाताना सातबारा, जुने फेरफार, पुनर्प्रदानाचा आदेश आणि दलालाने हातावर ठेवलेला प्रत्येक कागद बरोबर न्या. कोऱ्या कागदांवर सह्या केल्या असतील तर तेही पहिल्याच भेटीत सांगा.