गोळी दिली, पण समजावली का?

डी. फार्म किंवा बी. फार्म करणारा एक तरी मित्र तुमच्या ग्रुपमध्ये असेलच. पुढं काय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘मेडिकल टाकायचं!’ चांगलंच आहे. पण काउंटरमागं उभं राहणाऱ्याचं काम स्ट्रिप कापून पैसे घेतले की संपतं का?

श्रीपूरसारख्या कारखान्याच्या गावाचंच बघा. फिट येणाऱ्या, हातपाय आखडलेल्या किंवा दृष्टिहीन तरुणाला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं, तर अकलूज, पंढरपूर नाही तर थेट सोलापूर. तिथं रोज कोण जाणार? गोळ्या संपल्या की गाठ पडते ती गावातल्या मेडिकलवाल्याशीच. त्यात लहानपणापासून औषध देणारी आई आता म्हातारी होत चाललेली असते आणि मुलाच्या जुन्या गोळ्यांत बीपी-शुगरच्या गोळ्यांची भर पडत जाते.

चुका होतात त्या इथंच. गिळता येत नाही म्हणून घरात गोळी कुटून देतात. पण नावापुढं ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ असलेली गोळी पोटात हळूहळू विरघळावी अशीच बनवलेली असते. ती कुटली की सगळं औषध एकदम अंगात जातं. फिटची गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून अचानक बंद केली, तर फिट पुन्हा उसळते. फिटसाठी कार्बामाझेपिन सुरू असताना क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक घेतलं, तर फिटच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण धोकादायक वाढू शकतं. आणि स्ट्रिप कापताना नाव, एक्स्पायरी दुसऱ्या तुकड्यावर गेली, तर घरच्यांनी ओळखायचं कसं?

या गोष्टी फार्मासिस्ट शिकलेला असतो. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार औषध कसं घ्यायचं हे रुग्णाला समजावणं त्याचं कामच आहे. ऑस्ट्रेलियात तर २००१ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फार्मासिस्ट घरी जाऊन रुग्णाच्या सगळ्या औषधांची तपासणी करतो. डोस तो स्वतः बदलत नाही. शंका डॉक्टरांना कळवतो.

आपल्याकडं गर्दीच्या वेळी हे जमत नाही, हे मान्य. पण दुपारी दुकान निवांत असतं. नेहमीच्या दिव्यांग ग्राहकासाठी महिन्यातून १५ मिनिटं काढणं अशक्य नाही. सगळ्या औषधांची एक यादी, पाकिटावर मोठ्या अक्षरात वेळ, दृष्टिहीनासाठी सकाळच्या बाटलीला एक रबरबँड आणि रात्रीच्या बाटलीला दोन. याला खर्च तो काय? आणि बोलायचं ते शक्यतो त्या माणसाशीच. तो मोठा आहे, औषध त्याचं आहे.

तुम्ही फार्मसीला नसाल, तरी घरातल्या किंवा शेजारच्या दिव्यांग दादा-ताईची औषधं एका पिशवीत भरा आणि त्यांना घेऊन मेडिकलमध्ये जा. तीनच प्रश्न विचारा. ही गोळी कशासाठी? कुटली तर चालेल का? दुसऱ्या गोळीबरोबर जमेल का? विचारणारे वाढले, की समजावणारेही वाढतील.