नावं सांगणारे कान अजून आहेत

प्रति,
केंद्रप्रमुख, आकाशवाणी धारवाड;
संचालक, डॉ. गंगूबाई हनगल गुरुकुल, उणकल;
आणि हुबळी-धारवाडमधल्या सर्व संगीतसभांचे व मराठी मंडळांचे पदाधिकारी



गेल्या दिवाळीत आमच्या विद्यानगरच्या घरी एक जुनी कॅसेट लावली होती. तिच्यावर गायकाचं आणि रागाचं नाव होतं, बाकी काही नव्हतं. शेजारचे एक आजोबा चहा घेत बसले होते. विलंबिताची दोन आवर्तनं झाली, त्यांनी कप खाली ठेवला आणि तबला कोण वाजवतंय ते सांगितलं. थोड्या वेळाने पेटीवाल्याचंही नाव सांगितलं. आजोबांचं वय ८५. मी दोन्ही नावं कॅसेटच्या कागदावर लिहून ठेवली, पण त्या रात्री झोप लागली नाही. ते त्या दिवशी आलेच नसते तर? हे पत्र त्या अस्वस्थतेतून लिहितो आहे.

आपल्या जुळ्या शहरांनी थोरांची आठवण ठेवली आहे. देशपांडेनगरात सवाई गंधर्वांच्या नावाचं सभागृह आहे. धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूरांचं घर स्मारक म्हणून जपलं आहे. विद्यानगरपासून जवळच, उणकलला, गंगूबाईंच्या नावाचं गुरुकुल आहे. या सगळ्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. माझं मागणं त्यांच्या मागे बसलेल्यांसाठी आहे.

गंगूबाईंचंच गाणं घ्या. त्यांच्या आई अंबाबाई कर्नाटक पद्धतीचं गात. लेक हिंदुस्थानी शिकू लागली तेव्हा तिच्या गळ्यात दोन पद्धतींची सरमिसळ होऊ नये म्हणून त्यांनी आपलं गाणं मागे ठेवलं. सवाई गंधर्वांची तालीम मिळण्याआधी कृष्णाचार्य हुलगूर आणि दत्तोपंत देसाई यांनी गंगूबाईंना शिकवलं. पुढे कुंदगोळला गुरूंकडे रेल्वेने केलेल्या खेपा सर्वांना ठाऊक आहेत. पण घडण त्याआधी सुरू झाली होती. आणि कृष्णा हनगल? आईच्या मागे तंबोरा घेऊन बसलेली ही मुलगी उत्तम गायिका होती. आईचा आवाज बदलून खर्जाकडे झुकल्यावर तार सप्तकाची जागा तिने वर्षानुवर्षं भरली. जगाने ऐकलेली गंगूबाईंची मैफल दोन गळ्यांची होती. २००४ साली कृष्णा आईच्या आधी गेल्या. त्यांच्या एकटीच्या गाण्याविषयी आपण किती बोलतो?

नाव नीट न नोंदवल्याने काय होतं, तेही या घरातच दिसतं. गंगूबाईंच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका 'गांधारी' या नावाने निघाल्या. जी. एन. जोशींबरोबर गायलेलं मराठी भावगीतही त्यातलंच. ज्याला हे माहीत नाही, त्याच्या यादीत गांधारी आणि गंगूबाई या दोन वेगळ्या बायका होतात. एवढ्या मोठ्या गायिकेची ही गत, तर शेषगिरी हनगलांच्या तबल्याची, बेळगावच्या रामभाऊ विजापुरे यांच्या पेटीची, हुबळीच्या अर्जुनसा नाकोडांच्या शिकवण्याची नोंद कोण ठेवणार?

ही उणीव ध्वनिमुद्रणाच्या जन्मापासूनची आहे. १९०२ साली कलकत्त्यात गोहरजानने तबकडीच्या शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारलं, कारण तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या लोकांना लेबलावर काय लिहायचं ते कळायला हवं होतं. गायिकेने नाव पुकारलं म्हणून ते उरलं. सारंगीवाल्याला, तबलजीला पुकारायची संधीच नव्हती.

आपल्याकडे नोंदीची सवय नव्हती असंही नाही. मराठी संगीत नाटकांच्या पुस्तकांत बहुतेक पदांवर त्यांची चाल छापलेली असते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी कितीतरी चाली याच मुलखातल्या कानडी गाण्यांवरून घेतल्या आणि तसं पदावर लिहिलंही. पण ते मूळ गाणं कुणी रचलं, कुणाच्या गळ्यातून ते त्यांच्या कानी पडलं, हे लिहायचं राहिलं. आज ते सांगणारं कुणी उरलेलं नाही. ती वेळ निघून गेली. आपली मात्र अजून गेलेली नाही.

म्हणून तीन विनंत्या.

पहिली, आकाशवाणीला. धारवाड केंद्र ८ जानेवारी १९५० ला सुरू झालं. तेव्हापासून या भागातला प्रत्येक गाणारा-वाजवणारा तुमच्या माइकसमोर बसला. जुन्या फिती संगणकावर घेतल्या की आवाज वाचतो. पण खोक्यावर जे नाव नाही, ते संगणकाच्या यादीतही येत नाही. आवाज यंत्र वाचवील, नाव माणसालाच सांगावं लागेल. म्हणून प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत तबला, पेटी, सारंगी, तंबोरा, रचनाकार आणि गीतकार असे वेगळे रकाने ठेवा आणि रिकाम्या रकान्यांची यादी लोकांसमोर मांडा. रिकामा रकाना पाहून कुणीतरी बोलेल.

दुसरी, गुरुकुलाला. महिन्यातून एक दुपार श्रवणाची ठेवा. ऐंशीच्या घरातल्या श्रोत्यांना, जुन्या वादकांना, नाटक कंपन्यांत वाढलेल्यांच्या मुलांना बोलवा. फिती लावा. ते ओळखतील ते विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावं आणि कुणी, कशावरून ओळखलं तेही लिहावं. मतभेद झाले तर दोन्ही मतं नोंदवा. विद्यानगरात महाविद्यालयांना तोटा नाही. भूमरेड्डी महाविद्यालयापासून पुढे घडलेलं तंत्रविद्यापीठ इथेच आहे. यादीचं संगणकावरचं काम तिथली मुलं आनंदाने करतील. या दुपारी तुमच्या विद्यार्थ्यांना ठेका ओळखायची तालीमही मिळेल. ती कुठल्या पुस्तकात मिळत नाही.

तिसरी, संगीतसभांना आणि मराठी मंडळांना. पत्रिकेवर साथीदाराचं नाव गायकाच्या नावाखाली, वाचता येईल अशा अक्षरात छापा. भावगीत किंवा नाट्यपद सादर होताना गीतकार आणि संगीतकार यांची नावं आधी सांगा. या कामात मराठी-कानडी असा भेद आड येऊ नये. सवाई गंधर्व कुंदगोळचे आणि गाजले मराठी रंगभूमीवर; त्यांच्या मागे वाजवणाऱ्यांना कुठल्या भाषेत मोजायचं?

यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही, नवी इमारत लागत नाही. एक खोली, एक ध्वनिक्षेपक, एक वही आणि ऐकायला येणारी माणसं पुरेत. इमारत दहा वर्षांनीही बांधता येईल, पण आमच्या शेजारच्या आजोबांना दहा वर्षांनी बोलावता येणार नाही. परवा ते विचारत होते, "आणखी कॅसेटी आहेत का रे?" माझ्याकडे आता चारच उरल्या आहेत. तुमच्याकडे कपाटं भरून आहेत. ती उघडा, आजोबांना घेऊन यायची जबाबदारी माझी.

आपला नम्र,
विद्यानगर, हुबळी इथला एक श्रोता