हातात बंदूक नसलेला सैनिक

नातवाच्या आग्रहाने ‘हॅकसॉ रिज’ (२०१६) पाहिला. रक्तपात बघवेना, दोनदा उठून स्वयंपाकघरात गेले. पण डेस्मंड डॉससाठी परत येऊन बसले. हा अमेरिकन तरुण अ‍ॅडव्हेंटिस्ट ख्रिस्ती. सैन्यात गेला, पण बंदुकीला हात लावला नाही. सोबत्यांनी भित्रा म्हणून हिणवले. मे १९४५ मध्ये त्यानेच ओकिनावाच्या कड्यावरून सुमारे ७५ जखमी दोराने खाली उतरवले. देवाकडे मागणे एकच, आणखी एक जण वाचवू दे.

नातू म्हणाला, “आजी, बाकीचे लढले म्हणून तो वाचला ना?” प्रश्न खरा आहे. गृहस्थाला विरोधी हिंसा पूर्ण सुटत नाही, हे आपल्याकडेही सांगितले आहेच.

पण आपण अहिंसेची ‘नाही’ची यादी करून ठेवली आहे. कंदमूळ नाही, रात्रिभोजन नाही. ती हवीच. मात्र अभयदानही आपल्याच धर्मात आहे ना? डॉसने नियम पाळला आणि म्हणून घरी बसला नाही. मी नियम पाळून कोणाला वाचवले? कॉमर्स शिकलेली आहे, हिशेब मांडून पाहिला. जमेची बाजू फार लहान निघाली.