शेवटचे प्रकरण आधी शिकवा

गतवर्षी कंबरेच्या दुखण्यापायी आम्हांला एमआरआयच्या नळकांड्यात अर्धा तास निजावे लागले. बाहेर आल्यावर, भौतिकशास्त्रात नुकतीच एम.एस्सी. झालेल्या नातीस आम्ही सहज विचारले, "ते यंत्र आमच्या देहात काय पाहत होते गं?" ती प्रांजळपणे म्हणाली, "आजोबा, ते शेवटच्या प्रकरणात होतं. वेळ नाही म्हणून सरांनी सोडून दिलं." हायड्रोजन अणूचे श्रोडिंगर समीकरण मात्र ती झोपेतही सोडवील!

दोष तिचा नव्हे. क्वांटम मेकॅनिक्स, ज्यास आपले कोशकार पुंजयामिकी म्हणतात, पदव्युत्तर वर्गात ज्या क्रमाने शिकविले जाते, तो क्रमच सदोष आहे. आधी इतिहास, मग पेटीतील कण, मग हायड्रोजन, आणि वेळ उरल्यास उपयोजन. हा वेळ कधीच उरत नाही.

"पाया आधी, उपयोग नंतर," असे यावर विद्वज्जन बजावतात. आमचा आक्षेप येथेच आहे. पाया म्हणजे काय? चुंबकीय क्षेत्रातील प्रोटॉनच्या स्पिनला दोनच अवस्था असतात. त्यांचे गणित दोन ओळी व दोन स्तंभांच्या सारणीत मावते. योग्य वारंवारतेची लहर दिली की प्रोटॉन एका अवस्थेतून दुसरीत जातो. दीड टेस्लाच्या एमआरआयमध्ये ही वारंवारता सुमारे 64 मेगाहर्ट्झ असते. सीझियमच्या आणवीय घड्याळातही दोन ऊर्जापातळ्यांचे हेच गणित चालते, आणि 1967 पासून सेकंदाची व्याख्या त्याच्या 9,19,26,31,770 स्पंदनांवर उभी आहे. क्वांटम संगणकाचा क्यूबिट म्हणजेही अशीच दोन अवस्थांची प्रणाली. ज्या विद्युत्‌-मंडलांतून असे क्यूबिट घडले, त्यांतील पुंजगुण दाखविल्याबद्दल क्लार्क, डेव्होरे व मार्टिनिस यांना 2025 चे नोबेल मिळाले. मग हा पाया की परिशिष्ट?

हे नवे खूळ आहे, असेही कोणी म्हणू नये. साकुराई यांचे 1985 सालचे पाठ्यपुस्तक दोन अवस्थांच्या श्टेर्न-गेर्लाख प्रयोगापासूनच आरंभ करते. त्यास चार दशके लोटली!

दुसऱ्या टोकाचे लोकही आम्हांस मान्य नाहीत. रैखिक बीजगणित न शिकविता काही आठवड्यांत 'क्वांटम तज्ज्ञ' करून देणारी प्रमाणपत्रे म्हणजे पाटीवर मुळाक्षरे न गिरविता कीर्तनास उभे राहणे होय. हायड्रोजन अवश्य शिकवावा, गणित कसून करून घ्यावे; परंतु विद्यार्थ्यास आरंभीच कळावे की हे गणित कोठे चालते.

आम्ही तीसएक वर्षे सरकारी खात्यात काढली. नियमावली मुखोद्गत, पण समोरच्या अर्जदाराची अडचण कळत नाही, असे कारकून पुष्कळ पाहिले. विज्ञानाच्या पदवीधरांची गत तशी होऊ नये. केंद्र शासनाने 2023 मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी 6,003 कोटींहून अधिक रकमेस मान्यता दिली. यंत्रे पैशाने येतील. ती जाणणारी माणसे वर्गातच घडवावी लागतील.

होळकरशाहीपासून येथे नांदणाऱ्या आपल्या घराण्यांत गुणपत्रिका कौतुकाने पाहिली जाते. यापुढे ती पाहून झाल्यावर नातवंडांना एकच विचारावे : "बाळ, हे कशात चालतं, ते सांग." उत्तर न आल्यास त्यांना रागावू नये, जाब त्यांच्या अभ्यासमंडळाला विचारावा.